घर घ्यायला निघालेली लीलाआत्या

लीलाआत्याला मी शेवटची भेटले ती कल्याणच्या एका हॉस्पिटलात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सुई, आणि तरी मला बघताच तिने उशीजवळच्या पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवीत वर्तमानपत्राचं एक पान घडी घालून ठेवलेलं होतं. आसनगावच्या बाजूला नवी इमारत होणार होती, तिची जाहिरात. आत्याने मास्क जरा वर केला आणि धापा टाकत म्हणाली, "रेरा नंबर हाय का बघ त्याच्यावर. आनि कार्पेट किती देतात ते इचार. ती मानसं नुसतं बिल्टअप सांगतात." सिस्टरने येऊन मास्क पुन्हा खाली ओढला. "मावशी, आधी बऱ्या व्हा. मग घर घ्या." त्यावर आत्या मास्कच्या आतूनच म्हणाली, "बरी होऊन घर घ्यायचं का घर घेऊन बरी व्हायचं, ते मी बघते." सिस्टर हसली, शेजारच्या खाटेवरची बाई हसली, मीही हसले. ती जाहिरात मी पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेत मी मुलांना स्पेलिंग सांगत असताना शिपाई दारात आला, बाबांचा फोन आहे म्हणाला. बाबा फोनवर नुसतं "ये" म्हणाले.

न्यूमोनिया एवढा वाढेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. तिलाही वाटलं नसावं, नाहीतर तिने कार्पेट एरियाची चौकशी करायला सांगितलं नसतं...

लीलाआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. आमचं गाव शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. घरची भातशेती, चार खोल्यांचं कौलारू घर. लग्न होऊन आत्या भातसानगरला गेली, कारण काका धरणावर नोकरीला होते. त्यांना वसाहतीत क्वार्टर होतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्या वाट्याला यायचे. पिवळा चुना मारलेल्या भिंती, दारावर काळ्या रंगात सरकारी नंबर, आणि आत सगळं झाडून पुसून लख्ख. पण त्या घरात भिंतीवर काही म्हणजे काही नव्हतं. कॅलेंडरसुद्धा दाराच्या कडीला अडकवलेलं असायचं, दार उघडलं की ते फडफडायचं. मी एकदा विचारलं, आत्या, इथे खिळा का नाही मारत? तेव्हा ती म्हणाली, "सरकारच्या भिंतीला भोक कशाला पाडायचं? आपल्या घरात मारू." हे 'आपलं घर' कुठे आहे ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. मला वाटायचं, असेल कुठेतरी, कुलूप लावून ठेवलेलं.

काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि दोघांनी शहापुरात एक खोली भाड्याने घेतली. तात्पुरती. काका वर्षभरात गेले. खोली तात्पुरतीच राहिली. आपल्याकडे भाड्याचा करार अकरा महिन्यांचा करतात, त्यामुळे आत्याचं वर्षच अकरा महिन्यांचं झालं होतं. बाराव्या महिन्यात मालकीण काय म्हणते याची तिला दर वेळी धास्ती असायची. मालकीण वाईट नव्हती. पण पाहुणे आले की ती आत्याच्या खोलीचं दार न वाजवता उघडायची आणि त्यांना सांगायची, "ही आमची दुसरी रूम." आत्या आत भाजी चिरत बसलेली असायची.

काकांचे निवृत्तीचे पैसे बँकेत होते. त्यातून एक लहानसं घर घ्यायचं, आणि ते आपल्या नावावर घ्यायचं, असं आत्याने ठरवलं. नावावर या शब्दावर तिचा जोर असायचा. माहेरचं घर बाबांच्या नावावर होतं. सासरचं घर तिच्या दिरांच्या ताब्यात होतं आणि तिथे तिला कोणी बोलावत नव्हतं. साठीच्या जवळ आलेल्या बाईला स्वतःचं दार हवं होतं, एवढीच गोष्ट. पण पैसे एकदाच होते आणि फसले तर पुन्हा येणार नव्हते. म्हणून आत्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

तिने कोणाला विचारलं नाही? हळदीच्या कार्यक्रमात ती वकिलाची बायको शोधून तिच्या शेजारी बसायची. बँकेत पासबुक भरायला गेली की कर्जाच्या टेबलापाशी रेंगाळायची. टोकन दिलं आणि मालकाने शब्द फिरवला तर काय करायचं? घरावर आधीचं कर्ज आहे हे बाहेरच्या माणसाला कसं कळतं? मूळ कागद बघायचे की झेरॉक्स चालते? साठेखत झालं म्हणजे घर आपलं झालं का? लोक सुरुवातीला प्रेमाने सांगायचे, मग तिला टाळायचे. बाबा वैतागायचे. "लीला, घर घेतेस का परीक्षेला बसतेस?" पण एकेक उत्तर ती पक्कं करत होती. साठेखत आणि खरेदीखत यातला फरक मला तिनेच सांगितला. साठेखत म्हणजे पुढे विकीन असा नोंदवलेला करार, आणि मालकी खरेदीखताने मिळते, हे मी इंटरनेटवर वाचून तिला सांगायला गेले, तर तिने कुकरची शिट्टी काढता काढता म्हटलं, "साखरपुडा आनि लग्न गो. साखरपुड्यावर कोनी नांदायला जातं का?"

माझी गरज तिला पडायची ती नव्या इमारतींच्या कागदांसाठी. ते इंग्रजीत असायचे. "तू विंग्रजी शाळेत गेलीस ना, आता बस वाचत," म्हणून ती मला बिल्डरांच्या ऑफिसात घेऊन जायची. मला अनोळखी माणसांसमोर मोठ्याने वाचायची लाज वाटायची. मी हळू आवाजात एकेक कलम वाचायचे, अडखळत मराठीत सांगायचे, आणि आत्या टेबलावर कोपर टेकून ऐकायची. एका ऑफिसातला मुलगा शेवटी म्हणाला, "मावशी, एवढं कोणी वाचत नाही." आत्या म्हणाली, "म्हनून तर एवढं लिवता ना तुमी." तिथे आम्हाला दुसरा चहा मिळाला नाही. अशी चार-दोन ठिकाणं झाली. कुठे मंजुरी अर्धीच होती, कुठे ताबा कधी देणार ते लिहिलेलं नव्हतं, कुठे सगळं बरोबर होतं पण ते तिच्या आवाक्यात नव्हतं.

मग मुरबाडचं घर आलं. बाबांच्या ओळखीतून. सुरेश नावाच्या माणसाला वडिलांचं घर विकायचं होतं. पुढे दोन खोल्या, मागे एक, आणि मागच्या अंगणात शेवग्याचं झाड. सुरेशने ठाण्याला फ्लॅट बुक केला होता, त्यामुळे त्याला घाई होती. आम्ही घर बघायला गेलो तो दिवस मला आठवतो तो एका कारणाने. आत्या या खोलीतून त्या खोलीत गेली, मोरीत उभी राहिली, अंगणात जाऊन शेवग्याच्या बुंध्याला हात लावून आली, आणि तिने एकही प्रश्न विचारला नाही. बाबा आणि सुरेश व्यवहाराचं बोलत होते. मी आत्याकडे बघत होते. चप्पल बाहेर काढून ती उंबऱ्यात उभी होती आणि तिची नजर भिंतीवरून फिरत होती, अगदी सावकाश... मला कळलं, हे घर तिने मनात घेतलं.

तरी इसार द्यायच्या आधी कागद तपासायचे हे तिने सोडलं नाही. मुरबाडच्या एका वकीलबाईंकडे आम्ही गेलो. त्या शांतपणे सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायच्या, म्हणून आत्याला आवडायच्या. त्यांनी जुन्या नोंदींचा शोध घेतला, घरावर कर्जाचा बोजा नाही म्हणाल्या, आणि कोणाची हरकत असल्यास कळवावं अशी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात दिली. हरकत आली नाही. एकच गोष्ट राहिली होती. वडिलांच्या पश्चात मिळकतीवर वारस म्हणून दोन नावं लागली होती, सुरेशचं आणि त्याची बहीण मंदा हिचं. "तिची सही लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "एकतर आधी हक्कसोड करून घ्या, नाहीतर खरेदीखतावर तीही लिहून देणार, म्हणजे विकणारी म्हणून सही करेल."

"त्याचं टेन्शन नको मॅडम," सुरेश म्हणाला. "बहीण घरचीच हाय. शुक्रवारी आणतो तिला. साडी बी घेतलीय."

आत्या पर्स बंद करत होती. ती थांबली. "कसली साडी?"

"सहीची. आपल्यात देतात ना, मावशी."

"तिला सांगितलंय का घर विकतोय म्हनून?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्याच बहिणी सही देतात."

बाबा शेजारीच बसले होते. वातावरण हलकं करायला म्हणून ते हसत म्हणाले, "आमच्या लीलानं बी दिलीच की."

आत्याने बाबांकडे बघितलं. मी त्या दोघांच्या मधे बसले होते, त्यामुळे ते बघणं माझ्यावरून गेलं. त्यात राग नव्हता. खूप वर्षांपूर्वी कुठेतरी ठेवलेली वस्तू अचानक समोर यावी आणि आपण तिच्याकडे बघत राहावं, तसं काहीतरी होतं. मग तिने वकीलबाईंना विचारलं, "ती नोटीस पेपरात आली व्हती ना? मंदाकडं पेपर येतो का?" वकीलबाई म्हणाल्या, "कायद्याने नोटीस द्यायची असते, ती दिली." आत्या म्हणाली, "तसं नाय मॅडम. मंदा पेपर वाचते का, येवढंच इचारलं." सुरेशने घड्याळाकडे बघितलं.

मंदाचं सासर खर्डीच्या पुढे, आतल्या एका गावात. दुसऱ्या दिवशी आत्या मला घेऊन तिथे गेली. खर्डी स्टेशनबाहेरून रिक्षा केली. रस्ताभर आत्या मला सांगत होती की काही नाही, फक्त ओळख करून घ्यायची, ज्या बाईच्या घरात आपण राहणार तिला एकदा बघायला नको का? मी हो हो करत होते. पडवीत शिलाई मशीन मांडून मंदा ब्लाऊज शिवत होती. चाळिशीची असेल. सुरेशभाऊंचं घर बघायला येणारी बाई म्हणून आत्याने ओळख सांगितली, आणि मंदाचा पाय मशीनवरच थांबला.

"घर बघायला? भाड्यानं देतोय का तो?"

"विकतोय," आत्या म्हणाली. "तुला बोलला नाय?"

"मला बोलला, नाव लावायचंय, सही पायजे. शुक्रवारी ये." मंदाने हातातलं कापड मांडीवर ठेवलं. "घर विकतोय? आमचं घर?"

आतून तिच्या सासूने विचारलं, कोण आलंय गो? मंदाने उठून आम्हाला पाणी आणून दिलं, चहा टाकते म्हणाली, आणि चहा न टाकता परत येऊन बसली. आत्या तिला समजावून सांगू लागली. हक्कसोड म्हणजे काय, सही केली की काय होतं, नाही केली तर काय होतं. सही करून पैसेही घेता येतात, तुझ्या वाट्याचे, हेही सांगितलं. आपण हे घर घ्यायला आलोय हे विसरून गेल्यासारखी ती सांगत होती. शेवटी म्हणाली, "तुझ्या भावानं तुला इचारलं नाय, म्हनून मी इचारते. तुला द्यायचंय का?"

मंदाने मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "ताई, माझ्या दोन पोरी हायत. मोठी बारावीला जाईल. हितून मुरबाडला कॉलेजला कशी जाईल ती? मी सारखा इचार करत व्हते, भावाला इचारू, एक मागची खोली दे म्हनावं, पोरींना घेऊन राहते, शिवणकाम करते. पन तोंडच उघडलं नाय माझं. माहेर तुटंल वाटलं." मग ती आत्याकडे बघून म्हणाली, "नाय द्यायचं मला. पैसं पन नको. मला खोली पायजे."

आत्या म्हणाली, "बरं."

एवढंच. "बरं." त्या एका शब्दात तिचं घर गेलं हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

खर्डीला गाडीला वेळ होता. स्टेशनबाहेरच्या टपरीवर आत्याने चहा घेतला आणि पहिल्यांदाच मला तिच्या सहीबद्दल सांगितलं. नवीन लग्न झालेलं होतं. बाबा तिला न्यायला भातसानगरला आले. शहापुरात कचेरीत गेले. तिथल्या साहेबाने कागद पुढे केला आणि विचारलं, कशावर सही करताय माहीत आहे ना, राजीखुशीने करताय ना? आत्या तोंड उघडणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, हो साहेब, घरचीच आहे. तिने सही केली. मग हॉटेलात पुरीभाजी खाल्ली, दुकानातून साडी घेतली. मोरपिशी होती. आत्या सांगत होती ते एखाद्या सहलीबद्दल सांगावं तसं. "दिलीच असती गो मी. दादानं इचारलं असतं तरी दिलीच असती. भावाकडनं काय घ्यायचं?" तिने चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "पन मग ती मी दिली असती."

मी तो ग्लास टपरीवाल्याला परत नेऊन दिला.

त्यानंतर व्हायचं ते झालं. मंदा शुक्रवारी आली, पण सही करायला नाही. सुरेशचा फोन आला तेव्हा आत्या आमच्याकडेच होती. फोन कानापासून लांब धरला तरी आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "मावशी, तुमी घर घ्यायला आलात का घर फोडायला?" आत्या म्हणाली, "मी फक्त इचारलं, भाऊ." तो आणखी बरंच बोलला. फोन ठेवल्यावर बाबा सुरू झाले. एवढा चांगला सौदा, एवढे स्वच्छ कागद, शुक्रवारी सही झाली असती, महिन्याभरात तू तुझ्या घरात असतीस. "तुला काय पडली होती तिला विचारायची? ती तुझी कोण?" आत्या पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत होती. मग म्हणाली, "कोनीतरी इचारायला पायजे व्हतं ना रे दादा."

बाबा उठून बाहेर गेले. मला वाटलं रागाने गेले. आता वाटतं, रागाने नसतील गेले.

आत्या काही फार मोठ्या मनाची, त्यागी वगैरे बाई नव्हती. तसं लिहिलं तर तिलाच ते पटणार नाही. पुढे कित्येक महिन्यांनी, एकदा माझ्या केसांना तेल लावताना, ती अचानक म्हणाली, "मला वाटलं व्हतं ती हो म्हनंल." मी विचारलं, कोण? "मंदा. मला वाटलं, इचारलं की हो म्हनंल. मग माझ्या जिवाला बरं वाटंल आनि घर पन मिळंल." तेलाचा हात तसाच केसांत थांबला होता. "शेवग्याला शेंगा आल्या असतील आता." मला तिची ती खोली, तो करार, न वाजवता उघडणारं ते दार, सगळं एकदम आठवलं, आणि वाटलं की निदान एकदा तरी तिने काही न विचारता सही करून टाकायला हवी होती. हे मी तिला बोलून दाखवलं नाही.

तिने शोधणं थांबवलं नाही. पण भाव चढत गेले, आणि तिची घरं लहान होत गेली. आधी वन बीएचके, मग वन आरके, मग स्टेशनपासून लांबचं वन आरके. बाबा आता तिला परीक्षेवरून चिडवत नव्हते. उलट तेच जाहिराती कापून आणायचे. ती गेल्यावर, दिवसकार्य आटोपल्यानंतर, एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "गावात घराच्या बाजूला जागा होती. तिला दोन खोल्या बांधून दिल्या असत्या, तिच्या नावावर करून..." वाक्य तिथेच राहिलं. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. आता तलाठ्याकडे जाऊन काही होण्यासारखं नव्हतं. गेलेल्या माणसाचं नाव कागदावरून काढतात, लावत नाहीत.

आत्याची खोली आम्ही महिना संपायच्या आत रिकामी केली. मालकिणीने दारात उभं राहून नळ, दिवे, पंखा तपासला आणि भिंती बघून म्हणाली, "बाई नीट राहायच्या, एक खिळा नाही कुठे." बाबांनी किल्ली दिली. मला वाटलं, संपलं.

मग काही आठवड्यांनी मला एक फोन आला. अनोळखी नंबर मी सहसा उचलत नाही, तो का उचलला माहीत नाही. "मी मंदा बोलते. मुरबाडवरनं. तुमचा नंबर ताईनं देऊन ठेवला व्हता. ताई किती दिवस आल्या नाय, त्यांचा फोन पन बंद लागतोय. बऱ्या हायत ना?" मी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होते. आत मुलांचा गोंधळ चालला होता. मला ते सांगावं लागलं. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज थांबल्यासारखा झाला. तोपर्यंत तो चालू होता हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला एकच विचारायचं होतं. आल्या नाय म्हणजे? ती तुमच्याकडे यायची?

रविवारी मी मुरबाडला गेले. भावाबहिणीचं वाटप झालं होतं हे मला उडत उडत कळलं होतं. पुढच्या दोन खोल्या सुरेशने एका दुकानदाराला विकल्या होत्या, मागची खोली आणि अंगण मंदाच्या नावावर झालं होतं, आणि ती मुलींना घेऊन तिथे राहायला आली होती. दारावर 'मंदा टेलर्स' अशी पाटी होती. मंदाने मला बघून डोळे पुसले आणि खुर्ची पुढे केली. आत्या दर आठवड्याला यायची म्हणाली. बाजार करून यायची, चप्पल काढायची, चहा प्यायची आणि ब्लाऊजना हूक लावत बसायची. "मी बोलले व्हते, ताई, राहायलाच या हितं. भाडं नको. तर काय बोलल्या, 'करार करशील का? अकरा महिन्यांचा?' आनि हसल्या. राहायला काय आल्या नाय." ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका मग आत्यालाच विचारू लागल्या. भाऊ सही मागतोय, देऊ का? नवऱ्याने घर घेतलंय, माझं नाव घालता येतं का? सासऱ्यांनी घर मुलाच्या नावावर केलं, आता परत घेता येतं का? आत्या कोणालाच दे किंवा देऊ नको असं सांगायची नाही. कागद घेऊन वकीलबाईंकडे जा म्हणायची, आणि जाताना विचारायची, "त्यांनी तुला इचारलं का पन?" मंदा तिची नक्कल करून दाखवत होती, मान तिरकी करून, आणि ती अगदी तशी होती. आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं ती मुरबाडच्या बाजारात स्वस्त भाजीसाठी जाते.

बोलत असताना मागच्या भिंतीपाशी एक गवंडी सामान मांडत होता. छिन्नी, हातोडा, पाण्याची बादली. खोलीत दिवसासुद्धा दिवा लावावा लागत होता. मंदा म्हणाली, "ताई सारख्या मागं लागल्या व्हत्या. खिडकी फोड म्हनून. अंधारात शिवतेस, डोळे जातील. मिस्त्री त्यांनीच ठरवला, आनि मग आजारी पडल्या. मी म्हटलं, आता थांबायला नको."

गवंडी भिंतीवर हात फिरवत उभा होता. "किती उंचीवर घ्यायची खिडकी, ताई?"

"बसून शेवगा दिसला पायजे," मंदा म्हणाली. "तशी सांगितली व्हती त्यांनी. खुर्चीत बसून हूक लावताना."

"मंग खुर्चीत बसवा की कोनाला तरी. डोळ्याच्या अंदाजानं खूण करतो."

मंदाने माझ्याकडे बघितलं. मी ज्या खुर्चीत बसले होते ती उचलून भिंतीजवळ नेली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. गवंड्याने कानामागची पेन्सिल काढली. आत्या माझ्यापेक्षा बुटकी होती. मी जराशी खाली सरकून बसले.